वाचक विचारतात : नमस्कार

प्रश्न : नमस्कार म्हणजे ‘न मम’, माझे काही नाही, असे एका प्रवचनात ऐकले. हा अर्थ बरोबर आहे का? आणि हात छातीशी जोडायचे की कपाळाशी?

उत्तर : भाव चांगला आहे, व्युत्पत्ती मात्र ती नाही. ‘नम्’ धातूचा अर्थ वाकणे. त्यावरून ‘नमस्’, त्यावरून नमस्कार. ‘न मम’ हे शब्द यज्ञातले. आहुती टाकल्यावर ‘अग्नय इदं न मम’ म्हणतात, म्हणजे हे आता अग्नीचे, माझे नव्हे. तो वस्तूचा त्याग झाला. नमस्कारात वाकायचे असते ते स्वतः.

‘नमः’ आले की ज्याला नमन त्याची चतुर्थी विभक्ती, असे पाणिनीचे सूत्र आहे. म्हणून ‘गणेशाय नमः’. हे दोन वेगळे शब्द. लग्नपत्रिकेवर ‘गणेशायनमः’ असे सलग छापतात ते चूक. ‘नमस्ते’मधला ‘ते’ म्हणजे ‘तुला’. त्यात अनादर नाही, रुद्र या वैदिक स्तोत्राची सुरुवातही ‘नमस्ते’नेच होते. पण ते एकवचन आहे. सभेत ‘सर्वांना नमस्ते’ म्हणणारा व्याकरणाने ‘सर्वांना तुला नमन’ म्हणत असतो! तिथे आपला मराठी ‘नमस्कार’ बरा.

हातांच्या उंचीचा क्रम नाट्यशास्त्रात दिला आहे : देवाला मस्तकाशी, गुरूला मुखाशी, मित्राला छातीशी. तळवे पूर्ण टेकले तर ती अंजली ही हस्तमुद्रा. बोटांची टोके, कडा आणि मनगटाकडचा भाग जुळवून मध्ये पोकळी ठेवली तर तो कपोत. गुरूशी बोलताना किंवा विनयाने होकार देताना नर्तक तो वापरतात. आपली ‘ओंजळ’ही अंजलीपासूनच आली, म्हणून जोडलेल्या हातांत काही देण्याचा भाव मूळचाच आहे.

रोजच्या नमस्कारात बहुतेकांचे चुकते ते एकाच ठिकाणी. हात वर जातात, मान ताठच राहते. हात छातीशी स्थिर ठेवा, कोपरे सैल सोडा आणि मान हातांकडे खाली आणा. वाकणेच गाळले तर शब्दाचा अर्थच गळाला. बोटांची टोके दाबली की स्मरणशक्ती वाढते, वगैरे संदेश पुढे पाठवू नका. नमस्काराला त्या टेकूची गरज नाही.

प्रश्न : पाया पडताना हात उलटसुलट का करतात?

उत्तर : समोरासमोर उभे राहिले की तुमच्या उजव्या हातासमोर त्यांचा डावा पाय येतो. मनुस्मृती सांगते की गुरूच्या उजव्या पायाला उजव्या हाताने आणि डाव्याला डाव्याने स्पर्श करावा. त्यासाठी हात एकमेकांवरून न्यावेच लागतात. घाईत एका हाताने गुडघ्याला शिवून पुढे सरकणे म्हणजे नुसती हजेरी. झोपलेल्या किंवा जेवत असलेल्या माणसाच्या पाया पडू नये, असा रिवाज आहे.

प्रश्न : साष्टांग नमस्कारातली आठ अंगे कोणती? गुडघे दुखत असतील तर काय करावे?

उत्तर : छाती, मस्तक, हात, पाय, गुडघे, आणि दृष्टी, वाणी, मन. शेवटची तीन जमिनीला टेकत नाहीत, म्हणून ती विसरली जातात. खाली जाताना आधी गुडघे, मग हात, छाती, शेवटी कपाळ. धाडकन पालथे पडू नका. गुडघ्याने नाही म्हटले तर उभ्यानेच हात जोडून वाका. दृष्टी, वाणी, मन त्यातही लागतातच. वाकून उठताना चक्कर येणाऱ्यांनी आधी भिंतीचा किंवा खुर्चीचा आधार घ्यावा.