ओनरड्रॉ मेन्यूत मराठी अक्षरं का कापली जातात?

भाऊ, विनफॉर्म्सच्या (विंडोजचे प्रोग्रॅम बनवायच्या डॉटनेटमधल्या सोयीच्या) मेन्यूआयटमला, म्हणजे मेन्यूतल्या एका ओळीला, ओनरड्रॉ (ओळ आपण स्वतः रंगवायची सोय) चालू केल्यावर मराठी नावांचे उकार-रफार कापले जातात आणि उजवीकडचे शॉर्टकटही गायब झाले, असं तुम्ही विचारलंय. ओनरड्रॉ ट्रू केलं की त्या ओळीतलं सगळंच आपल्या अंगावर येतं. बरोबरची खूण, शॉर्टकट, करडा रंग, यातलं काहीही विंडोज काढून देत नाही.

सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याला काटापावतीचा प्रोग्रॅम करून देताना मी हीच चूक केली होती. मेझरआयटममध्ये, म्हणजे ओळीचं माप विचारणाऱ्या इव्हेंटमध्ये, उंची सरळ 18 पिक्सेल ठोकून दिली. इंग्रजी नावं त्यात बसली. 'पूर्ण घडांची नोंद' लिहिलं, तर 'पू'चा उकार खालून गेला आणि 'र्ण'चा रफार वरून. देवनागरीला शिरोरेघेच्या वरही जागा लागते आणि अक्षराखालीही. त्यात नव्या लॅपटॉपवर डिस्प्ले 125 टक्क्यांवर, मग तर अर्धीच ओळ दिसायची.

म्हणून आकडा कधीच हाताने घालू नका. मेझरआयटममध्ये टेक्स्टरेंडरर या मजकूर मोजणाऱ्या-लिहिणाऱ्या क्लासच्या मेझरटेक्स्टने मोजा आणि ड्रॉआयटममध्ये, म्हणजे ओळ रंगवायच्या इव्हेंटमध्ये, त्याच फाँटने, त्याच टेक्स्टरेंडररच्या ड्रॉटेक्स्टने लिहा. मोजलं टेक्स्टरेंडररने आणि लिहिलं ग्राफिक्सच्या ड्रॉस्ट्रिंगने, तर पहिलं जीडीआय आणि दुसरं जीडीआय प्लस, म्हणजे विंडोजच्या अक्षरं-चित्रं काढायच्या दोन वेगळ्या पद्धती. दोघांची मापं जुळत नाहीत. रुंदीत चित्राची आणि शॉर्टकटची जागाही धरा.

ड्रॉआयटममध्ये ई डॉट स्टेट, म्हणजे ओळीची सध्याची अवस्था, न चुकता तपासा. सिलेक्टेड असेल तर सिस्टमकलर्समधले हायलाइट आणि हायलाइटटेक्स्ट, डिसेबल्ड असेल तर ग्रेटेक्स्ट. मी पहिल्यांदा हे गाळलं होतं. त्या व्यापाऱ्याकडचे दिवाणजी माउसला हात लावत नाहीत, सगळं बाणाच्या कळांवर. आपण कुठल्या ओळीवर आहोत हेच त्यांना कळेना. त्यांची ती अडचण बघून मला फार वाईट वाटलं.

पण खरं सांगू का, नवीन काम असेल तर या वाटेला जाऊच नका. हा जुना मेन्यूआयटम डॉटनेट कोअर 3.1 पासून काढून टाकलाय. त्याच्या जागी 2005 च्या डॉटनेट 2.0 पासून टूलस्ट्रिपमेन्यूआयटम आहे, तो उंची-रुंदी स्वतः मोजतो. रंग बदलायचे तर टूलस्ट्रिपप्रोफेशनलरेंडरर या मेन्यू रंगवणाऱ्या क्लासवरून आपला क्लास काढा आणि ऑनरेंडरमेन्यूआयटमबॅकग्राउंड तेवढं ओव्हरराइड करा. चित्र आयटमच्या इमेजमध्ये द्या. त्यासाठी एक रेघही काढावी लागत नाही.