अर्ध्यावर आर्किटेक्टला थांबवायचं कसं?

"मॅडम, काम अर्धं झालंय. आता त्यांना नको कसं म्हणायचं?" मी समुपदेशक आहे. घराच्या कामात आर्किटेक्टशी बिनसलेली माणसं हा प्रश्न घेऊन माझ्याकडे वारंवार येतात. घोडं करारात अडलेलं नसतं, मनात अडलेलं असतं.

सुमनताईंचं (नाव बदललं आहे) सांगते. सोलापुरात जुन्या पेठेत त्यांचं सासऱ्यांच्या वेळचं माळवदाचं घर. पुढचा भाग तसाच ठेवून मागे दोन खोल्या आणि नवं स्वयंपाकघर, असं काम काढलेलं. यजमानांचं म्हणणं, आपला मिस्त्री आहे की, आर्किटेक्ट कशाला? ताईंनी हट्टाने आर्किटेक्ट आणला, तोही मैत्रिणीचा भाचा. काही महिन्यांत तो साइटवर फिरकेनासा झाला. मिस्त्री फोन करून थकला.

कडेलोट झाला हौदावरून. ताईंनी पिशवीतून ड्रॉइंग काढलं, माझ्या टेबलावर पसरलं आणि एका चौकोनावर बोट ठेवलं. अंगणातल्या हौदाच्या जागी 'सिटआउट' लिहिलं होतं. जिथे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, तिथे हौद बुजवून बसायची जागा! "कितीदा सांगितलं ओ त्याला," त्या म्हणाल्या. "पण थांब म्हटलं तर मैत्रीण काय म्हणेल?"

सुरुवातीच्या भेटी मैत्रिणीवरच गेल्या. मला मात्र गाठ दुसरीकडे दिसत होती. मैत्रिणीबद्दल त्या सरळ बोलत. यजमानांचा विषय निघाला की ड्रॉइंगची घडी घालायला लागत.

"समजा, उद्या त्याला थांबवलं. घरात आधी कोण काय म्हणेल?"

"हे म्हणतील, मी सांगितलं होतं."

"म्हणू द्या. पुढे?"

"पुढे काय, माझंच चुकलं असं होईल की ओ."

"आर्किटेक्ट आणला ते चुकलं, की हा आर्किटेक्ट जमला नाही?"

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं की हाती आलेलं निसटतं, हे मला अनुभवाने पक्कं ठाऊक आहे. मग त्याच म्हणाल्या, "हा जमला नाही. आणायला तर हवाच होता. जुन्या भिंतीवर किती भार टाकायचा, ते मिस्त्री अंदाजानंच सांगतो."

इतके दिवस पैसे जात होते ते घरासाठी नव्हे, आपला निर्णय बरोबर होता हे सिद्ध करण्यासाठी. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीने मी काम करते. घटनेपेक्षा तिच्याबद्दलची आपली समजूतच आपल्याला छळते, हे तिचं सूत्र अशा प्रसंगी पुन्हा पुन्हा खरं ठरताना मी पाहते. माझ्यावर ठपका येताच कामा नये, ही अट ताईंनी सोडली आणि पुढचं सगळं सोपं झालं.

थांबवताना हिशेब कामाचा मांडा, माणसाचा नको. ताईंनी माझ्यासमोर घोळवलेलं वाक्य एवढंच होतं: "इथपर्यंतच्या कामाचे पैसे देते, इथून पुढे आपण थांबू या." कारणांची यादी दिली की प्रत्येक कारणावर वाद होतो. आधी समोर बसून सांगा, मग लेखी पत्र द्या. ओळख करून देणारं कुणी मध्यस्थ असेल तर त्यांना त्याच दिवशी, तुमच्याच तोंडून कळू द्या. ताईंची मैत्रीण महिनाभर तुटक वागली. ते सोसण्यासारखं होतं. यजमानांनी "मी सांगितलं होतं" म्हटलंच. ताई "हो, सांगितलं होतं" म्हणाल्या आणि हौद किती लिटरचा ठेवायचा ते विचारलं.

झालेल्या टप्प्याची फी अडवून धरू नका; राग काढायची ती जागा नव्हे. प्लंबिंग-वायरिंगची ड्रॉइंग मागून घ्या. महापालिकेच्या परवानगीवर त्यांची सही असेल तर बदल तिथेही कळवावा लागतो. नवा आर्किटेक्ट आणाल तर त्याच्यापासून आधीची गोष्ट लपवू नका: आर्किटेक्ट्सच्या 1989 च्या आचारनियमांनुसार आधीच्याला कळवणं त्याच्यावर बंधनकारक आहे.

आणि दिवस बघून बोला. स्लॅबचं सेंटरिंग (काँक्रीट ओतण्यासाठीचा साचा) लागलेलं असेल तर थांबा, सळई सध्याच्या आर्किटेक्टकडूनच तपासून घ्या, स्लॅब ओतून होऊ द्या, मग बोला.