म्युनिकमधला एक मोकळा दिवस आणि पाच मैत्रिणी

प्रश्न : युरोपच्या प्रवासात आम्हा पाच मैत्रिणींचा म्युनिकला तीन रात्रींचा मुक्काम आहे आणि त्यातला एक पूर्ण दिवस, बुधवार, मोकळा ठेवला आहे. दोघींना नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा पाहायचा आहे, दोघींना साल्झबुर्ग. पाचवीचे गुडघे दुखतात, पण ती ‘तुम्ही म्हणाल तिथे येते’ एवढेच म्हणते. दोन्ही ठिकाणे एका दिवसात होतील का? पाच जणींसाठी एकत्र स्वस्त तिकीट मिळते, ते कोणते?

उत्तर : दोन्ही ठिकाणे एका दिवसात करू नका. राजवाड्यासाठी नैर्ऋत्येला फ्युसेनपर्यंत जावे लागते, साल्झबुर्ग आग्नेयेला, सीमेपलीकडे ऑस्ट्रियात आहे, आणि दोन्हीकडे साध्या रेल्वेने जायलाच सुमारे दोन तास लागतात.

तुम्ही ऐकलेले तिकीट म्हणजे ‘बायर्न तिकीट’. ते पाच जणांपर्यंत एकत्र काढता येते, बव्हेरिया या म्युनिकच्या राज्यातल्या प्रादेशिक गाड्यांत दिवसभर चालते आणि साल्झबुर्गच्या मुख्य स्थानकापर्यंतही ग्राह्य धरले जाते. मात्र त्यावर वेगवान आयसीई किंवा इंटरसिटी गाड्यांत बसता येत नाही, सर्व प्रवाशांची नावे तिकिटावर असावी लागतात, आणि सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच लागू होते. तुमचा दिवस बुधवार असल्यामुळे ही नऊची अट सर्वांत महत्त्वाची आहे. सकाळी लवकर निघून दिवस मोठा करण्याचा बेत या तिकिटावर जमणार नाही.

आता कुठे जायचे हा प्रश्न. माझे स्पष्ट मत असे की, दोन विरुद्ध दोन हा हिशेब बाजूला ठेवून निर्णय पाचव्या मैत्रिणीवर सोपवावा, आणि तिने उत्तर देण्यापूर्वी तिला राजवाड्याची खरी माहिती सांगावी. फ्युसेनहून बसने होहेनश्वानगाऊ या गावात उतरल्यावर राजवाड्यापर्यंत अर्धा-पाऊण तासाचा चढ आहे. घोडागाडी मिळते, पण ती दारापर्यंत जात नाही. राजवाडा फक्त मार्गदर्शकाबरोबरच पाहता येतो, आणि त्या अर्ध्या तासाच्या फेरीत १६५ पायऱ्या चढाव्या व १८१ उतराव्या लागतात. ‘येते’ म्हणणारी मैत्रीण मैत्रिणींचा विरस होऊ नये म्हणून हे सगळे निमूटपणे सोसते आणि पुढचे दोन दिवस तिला पाऊल टाकवत नाही, हे मी माझ्याच गटात पाहिले आहे. आम्ही तिला आधी विचारले नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते.

तिला दिवसभर सगळ्यांबरोबरच राहायचे असेल, तर साल्झबुर्ग निवडा. जुने शहर बरेचसे सपाट आहे, मोझार्टचा जन्म झाला ते गेट्राइडेगासेवरचे नऊ क्रमांकाचे घर त्यातच आहे, आणि डोंगरावरच्या होहेनसाल्झबुर्ग किल्ल्यावर १८९२पासून रज्जुरेल्वे जाते. ऑस्ट्रियातून परत जर्मनीत येताना गाडीत तपासणी होऊ शकते. म्हणून पाचही जणींनी मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा.

‘तुम्ही वर जा, मी खाली निवांत बसते’ असे ती मनापासून म्हणाली, तर मात्र राजवाडा जरूर पाहा. गावाला लागूनच आल्पझे नावाचे तळे आहे, काठावर बव्हेरियाच्या राजांचे संग्रहालय आहे, आणि तिचे दोन-तीन तास तिथे छान जातील. वर जाणाऱ्या चौघींनी तिकीट आधीच आरक्षित करावे. त्यावर प्रवेशाची नेमकी वेळ छापलेली असते आणि ती चुकली की तिकीट वाया जाते. नऊनंतर निघून गावात पोहोचेपर्यंत दुपारचे बारा वाजून जातात, त्यामुळे दोनच्या आधीची वेळ घेऊ नका.

बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविग राजाने १८६९मध्ये बांधायला घेतलेला हा राजवाडा त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १८८६पर्यंत, पुरा झाला नव्हता. त्यानंतर काही आठवड्यांतच तो लोकांना पाहण्यासाठी खुला करण्यात आला. सिंहासनाच्या दालनात नीट पाहा. वर भला मोठा झुंबर, पायाखाली प्राणी आणि वनस्पतींची नक्षी असलेली मोझेकची जमीन, समोर संगमरवरी पायऱ्या, आणि त्या पायऱ्या जिथे संपतात तिथे काहीच नाही, कारण सिंहासन कधी घडलेच नाही. मला संपूर्ण राजवाड्यात ती रिकामी जागाच सर्वांत जास्त भिडली. आत छायाचित्रे काढता येत नाहीत. ती हौस मारिएनब्र्युके या पुलावर भागवावी. दरीवर सुमारे नव्वद मीटर उंच असलेल्या त्या पुलावरून राजवाडा पूर्ण दिसतो, मात्र बर्फ पडल्यावर तो बंद असू शकतो.

वर चढण्यापूर्वी परतीची बस आणि भेटण्याची जागा पाचही जणींनी मिळून ठरवा, कारण फ्युसेनहून म्युनिकला जाणारी गाडी साधारण तासाला एकच असते, आणि ती चुकली तर तळ्याकाठी बसलेल्या मैत्रिणीलाही तो तास स्थानकावर काढावा लागेल.