पानं चिकटवायच्या आधी

पुणे, जुलै

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. दापोलीचं कुटुंबसंमेलन झालं, त्याला जोडून सहल झाली, सगळ्यांच्या मोबाइलमधले मिळून दोनेक हजार फोटो तुझ्याकडे जमले, आणि आता त्यांची चिकटवही करून दिवाळीत आजीच्या हातात द्यायची आहे. कागद कुठला घेऊ आणि डिंक कुठला, एवढंच तू विचारलंस. तेही सांगते, पण आत्ता पाऊस लागलाय तोवर चिकटवायचं नाव काढू नकोस. या हवेत कागद ओल धरून असतो. आज सपाट दिसणारं पान ऑक्टोबर हीटमध्ये आक्रसतं आणि वरच्या फोटोसकट वाकडं होतं. दसरा होऊ दे. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत जवळजवळ तीन आठवडे मिळतात, कात्री-डिंकाच्या कामाला तेवढे पुरतात.

तोवर काय करायचं? विचारत सुटायचं. माझी सगळी नोकरी जुने कागद दुरुस्त करण्यात गेली, त्यामुळे लोक मला घरचे अल्बमही आणून दाखवतात. काळ्या जाड पानांचे, मध्ये जाळीदार पातळ कागद असलेले, चार कोपऱ्यांत खोचलेले फोटो. फोटो अजून स्वच्छ असतात. नऊवारीतली एक बाई, कडेवर मूल, मागे विहीर. उलटून पाहावं तर मागे एक अक्षर नाही. घरच्यांना विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘मामांकडचं कुणीतरी असेल.’ तुझ्या दोन हजार फोटोंचंही असंच व्हायचं आहे, फक्त जरा लवकर, कारण मोबाइलमधल्या फोटोला मागची बाजूच नसते.

म्हणून पहिलं काम तुमच्या अंगणातल्या त्या मोठ्या ग्रुप फोटोचं. त्याची मोठी प्रत काढ. वर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक डोक्याभोवती पेन्सिलीने बाह्यरेषा काढ आणि आत आकडा घाल. खाली जुन्या शाळेच्या फोटोंसारखं लिही: उभे, डावीकडून, खुर्चीवर, खाली बसलेले. नाव पूर्ण लिही, मग कंसात घरातलं नाव. नुसतं ‘बंड्याकाका’ लिहिलंस तर आणखी चाळीस वर्षांनी बंड्या कोण यावरून घरात दोन तट पडतील. ‘आजी’ असंही लिहू नकोस. तुझी आजी कुणाची तरी पणजी व्हायची आहे, आणि वही तेव्हा त्याच्या हातात असेल. मुलांची वयं लिहू नकोस, जन्मसाल लिही. काढून झाल्यावर तो ट्रेसिंग पेपर फोटोवरच पडद्यासारखा राहू दे, एका कडेने अडकवून.

आता बायकांचं. जुने कुलवृत्तांत तू चाळले असशील. बऱ्याच ठिकाणी मुलीच्या नावापुढे ती कुठल्या गावी, कुठल्या घरी दिली एवढं येतं आणि तिथे तिची रेघ संपते. घरात आलेल्या सुनेचं तर पहिलं नावच पुसलेलं असतं, कारण लग्नात ताम्हणातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहिलं की आधीचं कुणी विचारत नाही. तू विचार. प्रत्येक काकूला, मामीला, आजीला: माहेरचं नाव काय, माहेरचं गाव कुठलं, आणि त्या नावाने हाक मारणारं आता कोण उरलंय. या एका प्रश्नावर तुझी दोन पानं भरतील आणि ती वहीतली सगळ्यात मोलाची असतील, हे मी आत्ताच सांगून ठेवते.

विचारायचीही एक रीत आहे. ‘आजी, आठवणी सांग ना’ असं म्हटलं की माणूस सावरून बसतं आणि सभेत बोलल्यासारखं बोलतं. त्यापेक्षा फोटो समोर ठेव आणि मुद्दाम चुकीचं नाव घे. ‘ही नानींची धाकटी ना?’ एवढं म्हण आणि गप्प बस. दुसऱ्याची चूक दुरुस्त करायला पुणेकर कधी दमला आहे का? त्या दुरुस्तीतून जे सुरू होतं ते फोनवर रेकॉर्ड कर, पण त्याच रात्री वहीत उतरवून काढ. पानावर क्यूआर कोड चिकटवून आवाज ऐकवायची तुझी कल्पना गोड आहे. मात्र त्या कोडमागचा दुवा बंद पडला की पानावर काळा-पांढरा चौकोन तेवढा उरेल. कोड लाव हवं तर, पण शेजारी आजीची चार वाक्यं तिच्याच शब्दांत असू देत. ‘गो’ म्हणाली असेल तर ‘गो’ लिही, शुद्ध करायला जाऊ नकोस.

तू नमुन्याला पाठवलेल्या फोटोंत मला सगळ्यात आवडला तो समुद्राचा नव्हे, स्वयंपाकघराच्या दारावरच्या यादीचा. कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाठीवर निळ्या बॉलपेनने लिहिलेली. तांदूळ, कोकमं, नारळ सोललेले, मग ‘चहा पावडर’ आणि त्यापुढे ‘मागच्या खेपेस तिसऱ्या दिवशी संपली!!’ अशी दोन उद्गारचिन्हं. खाली दुसऱ्याच अक्षरात, बारीक, ‘साखर पण.’ कोपऱ्यात हळदीचं बोट. तो कागद अजून कुणाच्या पर्समध्ये असेल तर आजच्या आज माग. फोटो नको, कागद हवा. आणि तो सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून काढलास तर माझ्याशी गाठ आहे.

का, ते ऐक. आपल्या पुण्यातल्या पेशवे दफ्तरात रुमालांमागून रुमाल कागद आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं गाठोडं. त्यांत मोहिमांची, तहांची पत्रं आहेत तसेच रोजच्या खर्चाचे हिशेबही आहेत, आणि त्या काळी माणसं काय खात होती, कशाला किती मोजत होती हे कळतं ते हिशेबांवरून. इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या घरांतले जुने कागद गोळा करत हिंडले, १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, त्यामागे हीच तळमळ होती की माळ्यावर पडलेला कागद उद्या उंदीर खातील. तुमच्या घरात कुणी पेशवा झाला नाही म्हणून यादीची किंमत कमी होत नाही.

याच कारणासाठी एकदा शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन ये. लहानपणी शाळेबरोबर गेली असशील, ते गेलं मोजू नकोस. अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने दिनकर केळकरांनी ते उभं केलं, आणि जमवलं काय, तर दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्री, कुंकवाचे करंडे. वापरून झिजलेल्या वस्तू. तिथे अर्धा तास घालवलास की दोन हजारांतून काय ठेवायचं ते तुझं तुला कळू लागेल.

कारण निवडावं तर लागणारच. चाळीसेक पानांची वही धर, पानाला दोन किंवा तीन फोटो, आणि एका पानावर एकच प्रसंग. हर्णैहून दिसणारा सुवर्णदुर्ग, अंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हे सगळ्यांकडे असतं, त्यांचा एकेक पुरे. पण हर्णैच्या बंदरावर संध्याकाळच्या माशांच्या लिलावात तुझ्या काकांनी डास हाकलायला हात उचलला आणि लोक त्यांच्याकडे बघू लागले, हे तू फोनवर सांगितलंस, ते पान झालं पाहिजे. आसूदला केशवराजाकडे चढताना ओढ्यावरच्या पुलापाशी कोण बसकण मारून ‘मी इथेच’ म्हणालं? दाभोळच्या फेरीबोटीत गाडी चढवताना कोणाचा श्वास अडकला? या प्रसंगांचे फोटो नसले तरी चालेल, मजकुराचं पान असू दे. सूर्यास्ताचे फोटो मात्र सगळे मिळून एक. आणि ‘मेमरीज’ असं सोनेरी अक्षरांत छापलेलं स्टिकर लावणार असशील तर मला वही दाखवू नकोस.

वादाचं काय करू, असं तू विचारलं नाहीस, पण तुझ्या आईकडून कानावर आलं आहे. मूळ घराची कौलं ठेवायची की काढून पत्रे घालायचे. यावर जेवणं थंड झाली म्हणे. ते पान गाळू नकोस. कौलवाल्यांचं म्हणणं दोन ओळींत, पत्रेवाल्यांचं दोन ओळींत, दोन्हीकडच्या लोकांना वाचून दाखवून घे, आणि शेजारी आज आहे तसा छपराचा फोटो लाव. कोण किती तोडून बोललं ते नको. घर पुढे कसंही झालं तरी हे पान उपयोगी पडेल. तसंच एक पान जे आले नाहीत त्यांचं ठेव. आणि फोटो काढणारा, वाढणाऱ्या बायका, तुमच्या गाड्यांचे चालक, ही माणसं फोटोत येतच नाहीत, त्यांची नावं कुठेतरी आली पाहिजेत.

आता सामान. एक काम मात्र दसऱ्याची वाट न बघता करायचं: हॉटेलांची बिलं आणि एसटीच्या यंत्रातून निघालेली तिकिटं यांच्या झेरॉक्स काढ. तो कागद उष्णतेने छापला जातो, त्यावर शाई नसतेच. उजेडात, उन्हात किंवा प्लास्टिकच्या पाकिटात तो बघता बघता कोरा होतो. अस्सल तिकीट कागदी पाकिटात घालून ठेव, वहीत झेरॉक्स लाव.

फोटो ग्रुपवरून उतरवून घेऊ नकोस. व्हॉट्सॲप ते दाबून लहान करतं आणि काढल्याची तारीख-वेळही त्यांतून गळते. ज्याने काढला त्याच्याकडून डॉक्युमेंट म्हणून मागव. चार बाय सहा इंचाच्या चांगल्या प्रतीसाठी साधारण १२०० गुणिले १८०० पिक्सेल लागतात, त्याखालचा फोटो छोटाच छाप. छपाई लॅबमधून करून घे, घरच्या प्रिंटरची शाई बरेचदा ओल्या बोटानेसुद्धा पसरते.

पानांसाठी २०० ते २५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम भरणारा, आम्लविरहित कागद घे. अप्पा बळवंत चौकात विचारताना ‘ॲसिड-फ्री’ म्हण, म्हणजे लगेच काढून देतील. साध्या स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन राहतं, म्हणून वर्तमानपत्र पिवळं पडतं आणि शेजारच्या फोटोलाही डाग देतं. पुठ्ठ्यावर लावायला हातकागद सुंदर दिसेल. शिवाजीनगरला के. बी. जोशी रस्त्यावरची हातकागद संस्था १९४० सालची आहे, जाता-येता बघ. बाइंडरला एक सांगायला विसरू नकोस: दर दोन पानांमध्ये कण्यापाशी बोटभर रुंदीची जाड कागदाची पट्टी घाल म्हणावं. नाहीतर फोटो लावल्यावर वही पुढून फुगते आणि कधीच मिटत नाही.

चिकटवण्याचा आमच्या कामातला नियम असा की आज लावलेलं उद्या सोडवता आलं पाहिजे. म्हणून सेलोटेप नाही, लॅमिनेशन नाही, आणि फेविकॉल लाकडासाठी ठेव. फोटो चिकटवायचेच नाहीत, कागदी कोपऱ्यांत खोचायचे. यादी, पत्रिका, तिकिटाची झेरॉक्स यांना गव्हाच्या चिकाची खळ. कुरडयांसाठी काढतात तोच चीक, पाण्यात पातळ करून पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा आणि गाळून घ्यायचा. हात राखून लाव, कारण कसर आणि झुरळं खळीवर टपलेली असतात. जुने बाइंडर त्यात मोरचूद घालत. तू घालू नकोस, ते विषारी असतं आणि ही वही पोरं हाताळणार आहेत. वेखंडाची पुरचुंडी कपाटात ठेव, वहीत नको. फोटोच्या मागे लिहायचं ते मऊ पेन्सिलीने, कडेला, दाब न देता.

शिंपले आणलेच आहेस, तर गोड्या पाण्यात दोनदा भिजवून खडखडीत वाळव, खारटपणा राहिला तर ते ओल ओढत राहतात. बकुळीची फुलं सुकली तरी वास देतात, पण पानाला डाग पाडतात. त्यांना छोटं कागदी पाकीट कर.

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी नऊला ये, खळ मी शिजवून ठेवते. लक्ष्मी रोडवरून दीड मीटर मांजरपाट घे आणि दोनदा धुऊन, वाळवून आण, वहीला रुमाल करायचा आहे. चित्रं काढणारा तुझा तो मावसभाऊ मोकळा असला तर त्यालाही आण. पुण्याहून ताम्हिणी उतरून दापोलीपर्यंतचा रस्ता त्याच्याकडून हाताने काढून घेऊ, गाडी कुठे लागली आणि वडापाव कुठे खाल्ला ते सगळं दाखवून. येताना वहीची शेवटची चार पानं कोरी सोडायची की सहा, ते ठरवून ये. पुढचं संमेलन कुणाकडे आहे त्यावर ते अवलंबून आहे.

आईला नमस्कार सांग.

तुझी
काकू