बी.एड.चा फॉर्म थांबवा

प्रश्न : मुलगी २४ वर्षांची. बी.एस्सी. केमिस्ट्री, ८१ टक्के. ती पदवी वाया घालवून हट्टानं कलेच्या इतिहासात एम.ए. केलं. आता अजिंठ्यावर पीएचडी करायची म्हणते. तिला साधं चित्र काढता येत नाही! चुलतभाऊ नोकरीत स्थिरावलाय. बी.एड. करण्यासाठी तिची समजूत घालाल का? तिला या पत्राबद्दल सांगितलेलं नाही.
– एक वडील

उत्तर : नाही, घालणार नाही. तुमच्या पत्रात तिचं वय आहे, टक्के आहेत, चुलतभाऊसुद्धा आहे. अजिंठ्यात तिला नेमकं काय शोधायचंय, हे मात्र कुठेच नाही. तुम्ही तिला ते विचारलेलंच दिसत नाही. मला काळजी वाटते ती याची. संशोधनात वर्षानुवर्षं हाती काही लागत नाही, तेव्हा घरचा आधारच उपयोगी पडतो. इथे घरचेच तिच्या माघारी तिचा रस्ता बदलायला निघालेत.

राहिलं चित्र काढणं. त्याचा इथे संबंधच नाही. चित्र कधी, कुणी, कशानं, कुणाच्या पैशानं झालं, हे कलेचा इतिहासकार पुराव्यानिशी सांगतो. १६ नंबरच्या लेण्यातल्या शिलालेखात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव या दात्याचं नाव आहे. तो मुळातून वाचायचा तर ब्राह्मी लिपी आणि संस्कृत हवं. तिथली चित्रं मातीच्या कोरड्या गिलाव्यावर काढलेली. त्यातला लाजवर्द या दगडाचा निळा रंग दूरच्या मुलखातून आणलेला. गिलाव्यात काय मिसळलं होतं, रंग कशात कालवले, ते का उडताहेत, हे प्रश्न केमिस्ट्रीवाल्यालाच सुटतात. ज्या पदवीला तुम्ही वाया गेलेली म्हणता, तीच तिची मोठी जमेची बाजू आहे.

नोकऱ्या मोजक्याच आहेत, हे तिलाही ठाऊक हवं. नेट-जेआरएफ ही संशोधनासाठी फेलोशिप मिळवून देणारी परीक्षा ‘व्हिज्युअल आर्ट’ या विषयातून देता येते. फेलोशिप नसताना पीएचडीला बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कलावस्तूंच्या जतनाचं क्षेत्रही तिनं पाहावं: लखनौची एनआरएलसी ही सांस्कृतिक वारशाच्या संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं संवर्धन केंद्र. आणि ‘अजिंठा’ हा पीएचडीचा विषय होत नाही; एखाद्या लेण्यातला एखादा प्रश्न होतो.

तो प्रश्न काय, कोणत्या गाइडकडे जायचंय आणि फेलोशिपची तयारी कुठवर आलीय, हे पुढच्या पत्रात तिनं स्वतः लिहावं. तोवर बी.एड.चा फॉर्म भरू नका.