पोस्टरवर समुद्र, ट्रेलरमध्ये खाण

प्रिय दोस्ता,

तुमच्या गोव्यातल्या मराठी चित्रपटाच्या जाहिरातीसाठी केलेलं, तू पाठवलेलं सगळं पाहिलं: पोस्टरचे नमुने, टीझर, गाण्याची रील आणि तीन मिनिटं दहा सेकंदांचा ट्रेलर. सुटं सुटं पाहिलं तर काम चांगलं आहे. एका ओळीत मांडून पाहिलं की घोटाळा कळतो. पोस्टरवर माड आणि समुद्र, टीझर विनोदी, गाणं प्रेमाचं. आणि ट्रेलर मात्र २०१२ साली खाणी थांबल्यावर दारात उभ्या राहिलेल्या खाणीच्या ट्रकवरून फुटत चाललेल्या, गोव्यातल्या डिचोलीच्या एका घराचा. पोस्टर पाहून आलेला माणूस ट्रेलरपाशी बुचकळ्यात पडतो, आणि बुचकळ्यात पडलेला माणूस तिकीट काढत नाही.

आधी एक प्रश्न कागदावर लिहून काढ. तुमच्या चित्रपटाचा प्रश्न सरळ आहे: ट्रक विकायचा, की हप्ते अंगावर घेऊन खाण सुरू होण्याची वाट पाहायची? पोस्टरने तो नजरेत आणायचा, टीझरने टोचायचा, ट्रेलरने चिघळवायचा. उत्तर मात्र कुणीच द्यायचं नाही. पूर्वी चित्रपटगृहांत गाण्यांच्या छोट्या पुस्तिका विकत मिळायच्या. त्यांत गोष्ट अर्ध्यावर आणून सोडायचे आणि खाली छापायचे, पुढे काय होतं ते पडद्यावरच पाहा. तुझ्या ट्रेलरमध्ये दुसऱ्या मिनिटाला ट्रक रिकाम्या अंगणातून निघून गेलेला दिसतो. तो शॉट काढून टाक.

आता पोस्टर. समुद्राचा मोह समजतो, मुंबई-पुण्याच्या लोकांना गोवा म्हटलं की तेवढंच आठवतं. पण सत्तरी-डिचोली या खाणींच्या तालुक्यांतल्या माणसाला त्यात स्वतःचं घर दिसणार नाही, आणि पहिल्या आठवड्यात थिएटर भरणार तोच. लाल मातीने माखलेला ट्रक आणि त्याच्याकडे पाठ करून बसलेला बाप, एवढं पुरे. हे छायाचित्र चित्रीकरण चालू असतानाच काढून घ्यायला हवं होतं. आता नटाने दाढी काढली असेल तर वेगळा दिवस ठेवून, मेकअप करून पुन्हा काढा, पण चित्रपटातली फ्रेम उचलू नका. २४ फ्रेमच्या चित्रीकरणात शटर साधारण १/४८ सेकंद उघडं असतं. हलणारा हात पडद्यावर ठीक दिसतो, फ्लेक्सवर तोच पुसट होतो.

पोस्टर तयार झालं की ते फोनवर अंगठ्याच्या नखाएवढं करून पाहा, कारण तिकिटाच्या ॲपवर ते जवळपास तेवढंच दिसतं. तुमच्या शीर्षकाचा टाइप सुरेख आहे, पण वेलांट्या आणि मात्रा इतक्या बारीक की लहान आकारात फक्त शिरोरेषा उरते. त्या रेघा जाड कर. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं तुटत असतील तर मजकुराची ‘वर्ल्ड-रेडी’ मांडणी (देवनागरीसारख्या लिप्यांसाठीची सोय) चालू आहे का ते बघ, आणि छापखान्यात फाइल देताना अक्षरांची आउटलाइन, म्हणजे नुसत्या आकृत्या, करूनच दे. नाहीतर त्यांच्या संगणकावर तो फॉन्ट नसतो आणि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. स्क्रीनवरचा तांबडा सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, मळकट विटकरी होतो. तुमचं सगळं पोस्टर मातीच्या रंगावर उभं असल्यामुळे आधी ए-थ्री आकारात एक प्रत छापून उन्हात धरून पाहा. आणि तारीख वेगळ्या लेयरवर ठेव. प्रदर्शन पुढे ढकललं गेलं तर सगळं पुन्हा करावं लागणार नाही.

महामार्गावरच्या फलकाला हेच पोस्टर आडवं करून चालत नाही. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. वाचायला तीन सेकंद मिळाले तर नशीब. चेहरा, शीर्षक, तारीख. बाकी सगळं उडव. फलक लावायच्या आधी पालिका किंवा पंचायतीची परवानगी घे, विजेच्या खांबांच्या वाटेला जाऊ नकोस. जून ते सप्टेंबरमध्ये मोठा फ्लेक्स लावण्यात अर्थ नाही, एका वाऱ्यात फाटतो आणि फाटलेला फ्लेक्स चित्रपटाची शोभा करतो.

महोत्सवांची मानचिन्हं पोस्टरच्या डोक्यावर आहेत, ती खाली आण, लहान कर. २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात भरतो, त्यामुळे इथल्या लोकांना ती चिन्हं ओळखता येतात. पण घरच्यांना घेऊन रविवारी येणारा माणूस त्यांचा अर्थ ‘संथ चित्रपट’ असा लावतो. हे माझं मत. दिग्दर्शकाला पटणार नाही.

ट्रेलर दोन ते सव्वादोन मिनिटांवर आण. जाहिरात म्हणून चालवलात तर यूट्यूबवर पाच सेकंदांनी ‘स्किप’चं बटण येतं, आणि तुमची पहिली बारा सेकंदं निर्मात्यांच्या नाममुद्रांत जातात. बापाच्या एका वाक्याने सुरुवात कर, नाममुद्रा त्यानंतर. यूट्यूबला सेन्सॉरचा दाखला लागत नाही, पण थिएटरमध्ये दाखवायला ट्रेलरचा स्वतंत्र दाखला आणि डीसीपी (थिएटरच्या प्रोजेक्टरवर चालणारी डिजिटल प्रत) लागते. दाखल्याचा अर्ज चित्रपटाच्या अर्जासोबतच करून टाका, शेवटच्या आठवड्यावर सोडलात तर मोठ्या चित्रपटाच्या मध्यंतरात तुमचा ट्रेलर लागायची संधी जाईल.

गाण्याबद्दल एवढंच: रील टाकण्याआधी मूळ ध्वनी इन्स्टाग्रामच्या संगीतसंग्रहात पोचलेला हवा. नाहीतर प्रत्येकाची रील वेगवेगळ्या ‘ओरिजिनल ऑडिओ’वर जाते आणि एकत्र आकडा कधी दिसतच नाही.

क्रमही बदल. सहा आठवडे आधी पोस्टर, मग टीझर, चार आठवड्यांवर गाणं, तीनवर ट्रेलर. शेवटच्या दहा दिवसांत नवं काही नको. फक्त कुठे, किती वाजता. छोट्या चित्रपटांचं घोडं इथेच अडतं. लोकांना ट्रेलर आवडलेला असतो, पण फोंड्याला शो आहे की नाही हे कुणी सांगितलेलं नसतं. तालुकावार वेळांचं एक साधं कार्ड कर, रोज बदललं तरी चालेल. थिएटरच्या लॉबीतल्या स्टँडीवरचा (उभ्या जाहिरात-फलकावरचा) क्यूआर थेट शोच्या पानाला जोडू नकोस, मागून पत्ता बदलता येईल अशा तुमच्याच दुव्याला जोड. दोन मीटरवरून स्कॅन व्हायला तो साधारण २० सेंटिमीटरचा हवा. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याची तिरीप पडते, म्हणून मॅट घे.

इथला मराठी प्रेक्षक नाटकाला जातो, हे विसरू नकोस. जत्रेच्या नाटकात दोन अंकांच्या मध्ये आयोजकांकडे दोन मिनिटं माइक मागितला तर बहुतेक मिळतो. तिथे ट्रेलरची गोष्ट सांगत बसायचं नाही, तोच एक प्रश्न विचारायचा आणि हँडबिलं वाटायची. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही हँडबिल वाट, पण प्रदर्शनाच्या आधीच्या शुक्रवारी. त्याच दिवशी वाटलंस तर उशीर झाला. ‘गोमन्तक’, ‘नवप्रभा’, ‘तरुण भारत’ यांना अडीचशे शब्दांची बातमी आणि प्रत्येकाला वेगळं छायाचित्र दे, खाली ओळी लिहून. एकच फोटो सगळीकडे छापून आला की दुसऱ्या वेळी कुणी पाहत नाही.

यूट्यूबच्या आकड्यांत शहरांची यादी उघडून बघ. मुंबईतल्या पन्नास हजार व्ह्यूजनी गोव्यातल्या साखळी गावची एक खुर्चीही भरत नाही. गोव्यातून बघणारे थोडे असतील तर जाहिरातीचा पैसा तालुक्यांपुरता मर्यादित कर. पुढच्या आठवड्याचे शो थिएटरवाले साधारण सोमवारी ठरवतात, शुक्रवार ते रविवारची गर्दी पाहून. म्हणजे तुझा सगळा जोर त्या तीन दिवसांसाठी. मंगळवारी टाकलेली उत्तम रील त्यांच्या हिशोबात येत नाही.

ट्रेलरचा नवा कट झाला की आवाज बंद करून एकदा फोनवर पाहा. पडद्यावर लिहिलेल्या ओळींच्या पाटीशिवाय प्रश्न कळत नसेल तर पाट्या घाल, आणि मग पोस्टरच्या ए-थ्री प्रतीबरोबर पाठव.

सस्नेह