वाचकांचे प्रश्न : जुने स्टोव्ह, जुनी उपकरणं

प्रश्न : पंपाचा पितळी स्टोव्ह मिळाला आहे. पार काळा पडलाय. बर्नरवर ‘प्रायमस’ दिसतं, बाकी काही वाचता येत नाही. कोणाचा, कधीचा, कसं ओळखायचं? घासून लख्ख करू का?

उत्तर : आधी ओळख, मग सफाई. बर्नरवरच्या नावावर विसंबू नका. बर्नर जळतो, बदलला जातो. एका कंपनीच्या टाकीवर दुसऱ्याचा बर्नर सर्रास सापडतो. खरी ओळख टाकीवर असते. वरचा घुमट, तेल भरायच्या तोंडाभोवतीची जागा आणि तळ तिरप्या उजेडात पाहा. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांचा प्रायमस स्टॉकहोममध्ये 1892 साली आला. ऑप्टिमस, रेडियस, स्वेआ हेही स्वीडिशच, आणि नकला तर कितीतरी देशांत निघाल्या, त्यामुळे नुसत्या आकारावरून काहीच ठरत नाही. अस्सल प्रायमसच्या टाकीवर 1911 पासून वर्ष दाखवणारं अक्षर ठोकलेलं असतं. वाचता येईना तर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा, ठसा उमटेल.

बफचं चाक, म्हणजे पॉलिशचं फिरतं चाक, अजिबात नको. ठसा उथळ असतो, एकदा घासला गेला की परत मिळत नाही. लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत, अर्धा तास, मऊ ब्रश, एवढं पुरतं. जास्त वेळ ठेवलं तर जस्त सुटून पितळ गुलाबी पडतं. अमोनियाचं पॉलिश त्याहून वाईट. पत्रा दाबून घडवताना पितळात ताण राहतो, आणि अमोनिया लागला की तिथे केसासारख्या भेगा जातात. तळाची कड नखाने तपासा. भेग असेल तर स्टोव्ह फक्त मांडून ठेवा. डाक लावून पेटवू नका.

प्रश्न : पंप मारला की दांडा आपोआप वर येतो. वायसर बदलला, तरी तेच.

उत्तर : दोष वायसरचा नाही. चामडी वायसर सुकला तर दांडा हलका चालतो, हवा भरतच नाही. दांडा वर ढकलला जातो तेव्हा पंपाच्या नळीच्या तळाचा एकमार्गी व्हॉल्व्ह गळत असतो. टाकीतली हवा, मागोमाग रॉकेल, नळीत परत येतं. व्हॉल्व्हमधली बुचाची किंवा रबराची बारीक चकती कडक झालेली असणार.

हवा सोडायची चावी सैल करून दाब सोडा, टाकी रिकामी करा, दांडा काढा. मग लांब पान्याने व्हॉल्व्ह उलटा फिरवा. पाना खाचेत पक्का बसल्याशिवाय जोर लावू नका. पितळी खाच गोल झाली की व्हॉल्व्ह तिथेच अडकून राहतो. तेलाला टिकणाऱ्या नायट्राइल रबराची चकती कापून घाला, व्हॉल्व्हखालचा शिशाचा वायसरही नवा घ्या. चामडी वायसर तेलात मुरवून बसवताना वाटीचं तोंड टाकीकडे हवं. रॉकेल भरण्याआधी 10-15 पंप मारून टाकी पाण्यात धरा. हवा निप्पलमधून, म्हणजे बर्नरवरच्या बारीक भोकाच्या तोटीतून, जाईल, ते ठीक; सांध्यातून किंवा टोपणाखालून बुडबुडे आले तर पेटवायचं नाही.

प्रश्न : ज्योत पिवळी येते, भडकते.

उत्तर : बहुतेक वेळा बर्नर पुरता तापलेला नसतो. बर्नरखालच्या छोट्या वाटीतलं स्पिरिट जळू द्या, विझत आलं की चावी बंद करून 3-4 पंप. ज्योत निळी झाल्यावर बाकीचे. तरीही पिवळीच राहिली तर निप्पल पाहा. भोक जेमतेम 0.3 मिलिमीटर असतं. जाड पिनेने ते रुंदावतं आणि मिळणाऱ्या हवेच्या मानाने तेल जास्त येतं. असं निप्पल दुरुस्त होत नाही, बदलावंच लागतं. रॉकेलच्या स्टोव्हमध्ये पेट्रोल कधीही घालू नका: चावी उघडली की त्याची वाफ तापलेल्या बर्नरशेजारीच सुटते.

स्टोव्ह पेटवायचा जुना काकडा ॲस्बेस्टॉसचा असू शकतो, त्याचे तंतू श्वासात जाणं घातक. झटकू नका, ओला करून पिशवीत बंद करा.

प्रश्न : जुना टोस्टर एकदा लावून पाहू का?

उत्तर : नको. कापडी वायरीतलं रबर वाळून तडकलेलं असतं, वाकवलं की तार उघडी पडते. आधी पाटीवरचा व्होल्टेज वाचा. 110 चा टोस्टर 230 वर लावला तर तार लगेच जळेल. मग अभ्रकावर गुंडाळलेल्या तारेचा रोध मोजा: 230 व्होल्ट, 500 वॅटच्या टोस्टरला साधारण 100 ओहम यायला हवा. पिन आणि धातूचं अंग यांच्यात मात्र मीटरने काहीही दाखवता कामा नये. मूठ बेकेलाइटची, म्हणजे सुरुवातीच्या कडक प्लास्टिकची, असेल, तर त्याचं पेटंट 1909 चं आहे, म्हणजे मूठ त्याआधीची नाही. अर्थात मूठही मागाहून बदललेली असू शकते.